निवाडकाला न विचारलेला प्रश्न

निवाडा आला तेव्हा यमुना धोत्रे कराडच्या आपल्या गोडाउनमध्ये झिजलेले ड्रिल बिट बाजूला काढत होती. मंगळवार होता, जानेवारीतली सकाळ. तिचा धाकटा भाऊ सोपान फोन हातात धरून पळतच आत आला.

"आक्का, लागला! आपल्या बाजूनं लागला!"

बाहेर गाडी धुणारी पोरंसुद्धा आत येऊन उभी राहिली. दोन कोटी चौदा लाख रुपये, सगळे मंजूर. दोन वर्षं अडकलेलं बिल होतं ते. एकवीस दिवसांपूर्वी यमुनाने अर्ज केला आणि आज निकाल आला. कोणीतरी पेढे आणायला गाडी काढली.

यमुना बावन्न वर्षांची होती. तिच्या वडिलांनी आयुष्यभर दगड फोडला, सुरुंग भरले. तिने डोंगर बांधून ठेवायचा धंदा उभा केला. घाटातल्या रस्त्यावर दरड येऊ नये म्हणून उतारात खोल भोकं पाडायची, त्यात पोलादी गज घालायचा, भोवती पातळ सिमेंटचं ग्राउट भरायचं आणि बाहेरून पट्टी लावून गज ताणून आवळायचा. असा गज म्हणजे अँकर. 'धोत्रे रॉक वर्क्स'ने बारा वर्षांत असे कितीतरी अँकर मारले होते. लग्न मोडल्यावर तिने माहेरचं आडनाव परत लावलं, फर्मच्या पाटीवरही तेच राहिलं. साइट सोपान बघायचा. टेंडर, कागद आणि भांडणं तिच्याकडे.

दहा मिनिटांत निरगुडकरांचा फोन आला. ते 'अभ्रक इन्फ्रा' कंपनीचे प्रकल्प व्यवस्थापक. बिल अडवलं होतं ते यांनीच.

"अभिनंदन, मॅडम. तुम्ही जिंकलात. आम्ही काही ताणत बसणार नाही. स्वीकृतीचं बटण दाबा, उद्या दुपारी पैसे तुमच्या खात्यात."

"दोन वर्षं फोन उचलला नाहीत तुम्ही माझा," यमुना म्हणाली.

"झालं गेलं जाऊ द्या. शुक्रवारपर्यंत मुदत आहे स्वीकृतीची, तेवढं लक्षात ठेवा."

हरलेला माणूस इतका खूष असलेला यमुनाने कधी पाहिला नव्हता. तिने पेढा खाल्ला, हात पुसले आणि निवाड्याची त्रेसष्ट पानं वाचायला बसली.

---

निवाडक हा माणूस नव्हता. बांधकामातल्या बिलांचे तंटे कोर्टात दहा-दहा वर्षं पडून राहायचे आणि तोवर लहान ठेकेदार संपून जायचे. म्हणून पाच वर्षांपूर्वी, २०३९ साली, कायदा झाला. ठेकेदाराने अर्ज करायचा, समोरच्याने उत्तर द्यायचं आणि एकवीस दिवसांत एका संगणक-यंत्रणेने निकाल द्यायचा. त्या यंत्रणेला सगळे निवाडक म्हणत. त्याचा निकाल ताबडतोब लागू. आधी पैसे द्या, मग काय भांडायचं ते कोर्टात भांडा. यमुनासारख्यांना हा कायदा देवासारखा वाटला होता.

निवाडक एवढ्या लवकर निकाल देऊ शकायचा, कारण त्याला साक्षीदार बोलवावे लागत नसत. साक्षीदार सिमेंटमध्येच असायचे. ग्राउटमध्ये कार्बनचे अतिसूक्ष्म धागे मिसळले की त्यातून किंचित वीज वाहते. ग्राउटवर ताण आला की धागे एकमेकांपासून हलतात आणि विजेला होणारा अडथळा बदलतो. तो मोजणारे तांदळाच्या दाण्याएवढे यंत्रकण ग्राउटमध्येच टाकलेले असायचे. त्यांना साक्षीकण म्हणत. कोणता गज किती ताण पेलतो आहे, हे ते दर दहा मिनिटांनी कळवत राहायचे. ताण वाढत गेला तर धोका. ताण स्थिर राहिला तर ठीक. निवाडक हे असं शिकला होता.

यमुनाने सडेवाडीच्या वरच्या उतारावर चारशे बारा अँकर मारले होते. तिथे अभ्रकने एक बोगदा काढला होता आणि शेजारी दुसरा काढायचा होता. उताराचे तीन भाग पाडले होते, क्षेत्र एक, दोन आणि तीन. क्षेत्र तीनच्या बरोबर खाली सडेवाडी, त्रेचाळीस घरांची.

एकेचाळिसाव्या परिच्छेदावर ती थांबली.

'क्षेत्र तीनमधील साक्षीकणांच्या नोंदी पूर्णतः स्थिर आहेत. सबब उतार सुरक्षित असून अधिक अँकरची किंवा वस्ती हलवण्याची आवश्यकता नाही, असे ठरवण्यात येते.'

तिने असं काही विचारलंच नव्हतं. तिने फक्त विचारलं होतं, मारलेल्या कामाचं बिल देणं लागतं की नाही. मग तिने कंपनीचं उत्तर काढून पाहिलं. त्याच्या शेवटच्या पानावर निरगुडकरांनी एक ओळ घुसडली होती, 'उतार सुरक्षित आहे किंवा नाही हेही निवाडकाने ठरवावे.' त्यात कंपनीचं नुकसान काहीच नव्हतं. उतार वाईट निघाला असता तर बिल द्यायला नको. चांगला निघाला तर दुसऱ्या बोगद्याचे सुरुंग लावायला मोकळे, आणि सडेवाडी हलवण्याचा खर्चही वाचला. दोन कोटी त्यापुढे काहीच नव्हते.

निवाड्यामागे आलेख जोडले होते. क्षेत्र एक आणि दोनच्या रेघा लाटांसारख्या वर-खाली होत होत्या. दिवसा ऊन पडलं की खडक फुगतो आणि गज ताणला जातो. ऊन उतरलं की खडक आकसतो, गज सैलावतो. दर दिवसाला एक लाट. यमुनाला ते ओळखीचं होतं.

क्षेत्र तीनच्या एकशे छत्तीस रेघा पट्टी धरून ओढल्यासारख्या सरळ होत्या.

तिने भिंग काढलं, फेब्रुवारी पाहिला, कडक उन्हाचा मे पाहिला. तिथेही सरळच. निवाडकाने ती शांतता पाहिली आणि तिला सुरक्षित म्हटलं. उन्हाने खडक फुगतो आणि गजाला ते कळतच नाही, याचा अर्थ एकच होता. त्या गजांनी खडक धरलेलाच नव्हता.

---

सोपान मागच्या अंगणात कंप्रेसरचा पाइप गुंडाळत होता. यमुनाने आलेखाचा कागद त्याच्यासमोर धरला.

"हे काय आहे, सोपान?"

त्याने कागदाकडे एकदा पाहिलं आणि पाइप गुंडाळत राहिला.

"मी तुला विचारतेय."

"बिल मंजूर झालं ना आक्का? मग आता कशाला..."

"सोपान."

त्याने पाइप खाली टाकला. "दगड पोकळ होता गं आत. ग्राउट ओतलं की नुसता पीत होता. एका भोकात चार-चार भोकांचं सिमेंट जायचं, तरी भरायचं नाही. मी कंपनीच्या साइट इंजिनियरला सांगितलं. तो म्हणाला, तारीख चुकली तर दंड लागेल, तोंडाशी गोणपाट कोंबा आणि बाहेरचं हातभर भरा. मीटर मोजून बिल मिळणार आहे, आत कोण बघतंय."

"लिहून दिलं त्यानं?"

"लिहून कोण देतं?"

"आणि तू भरलंस."

"सगळीच नाही..."

"किती?"

त्याने हात पँटला पुसले. मग म्हणाला, "सगळीच."

यमुना तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसली. आठ मीटर खोल गज, आणि सिमेंट फक्त हातभर. साक्षीकणही त्या हातभर सिमेंटमध्येच. तिथे ताण कधी आलाच नव्हता, म्हणून त्यांनी कधी कळवलाही नव्हता. तिला भावाच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. पण तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि रडत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काम थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं!"

"मग माणसांना पगार कुठून दिला असता? तेव्हा बँकेनं दोन गाड्या ओढून नेल्या होत्या, आठवतंय ना?"

आठवत होतं. तिने कागदाची घडी केली. "सुरुंग कधी लावणार आहेत?"

"पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला, असं ऐकलं."

---

बुधवारी सकाळी ती साताऱ्याला बांधकाम खात्याच्या ऑफिसात गेली. अधिकारी तिला ओळखत होते. तिने सरळ सांगितलं, "साहेब, क्षेत्र तीनमधलं माझं काम कच्चं आहे. अँकर ओढून तपासणी करा. तोवर सुरुंगाला परवानगी देऊ नका."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, निवाडा तुमच्याच बाजूनं लागलाय ना? मग स्वतःच स्वतःच्या कामाला नावं कसली ठेवताय?"

"कारण ते वाईट आहे."

"निवाडकानं उतार सुरक्षित ठरवलाय. तो निवाडा रद्द होईपर्यंत आमच्यावर बंधनकारक आहे. मी उद्या तपासणी लावली तर कंपनी मलाच कोर्टात खेचेल. तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो."

"वरून किती दिवसांत येईल?"

ते नुसते हसले. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच काही करता येत नव्हतं.

परतताना ती सडेवाडीला वळली. देवळाच्या भिंतीवर कंपनीने आदल्याच दिवशी निवाड्याची प्रत चिकटवली होती. एकेचाळिसाव्या परिच्छेदाला पिवळा रंग लावला होता. अनसूया शेलार नावाची पोलीस पाटील बाई तिथे उभी होती.

"बरं झालं बघा," ती यमुनाला म्हणाली. "पंधरा महिने टांगती तलवार होती. जा म्हणतात, राहा म्हणतात. आता मशीननंच सांगितलं. माणूस पैसे खातो, मशीन कशाला खाईल?"

"पाटीलबाई, हे अँकर मी मारलेत. ते धरत नाहीत. तुम्ही पाच तारखेच्या आत हला इथून."

अनसूयाबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही मारलेत आणि तुम्हीच म्हणता धरत नाहीत? कंपनीशी भांडण आहे ना तुमचं? आम्हाला त्यात ओढू नका. पोरांच्या परीक्षा आल्यात."

यमुना गाडीकडे वळली. त्या जागी ती असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

---

"एकच रस्ता आहे," अ‍ॅडव्होकेट नसीम परकार म्हणाल्या. त्यांचं ऑफिस सातारा कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. वय पस्तिशीचं, बोलणं तुटक. "निवाडकाचा निकाल चुकला म्हणून कोर्टात जाता येत नाही. चूक असली तरी तो लागू. कायदाच तसा केलाय. पण त्याला जे ठरवायचा अधिकारच नव्हता ते त्यानं ठरवलं असेल, तर तो निवाडाच नाही. याला अधिकारकक्षेचं आव्हान म्हणतात. तुम्ही त्याला बिल विचारलं होतं, त्यानं डोंगर सांगितला."

"मग करा आव्हान."

"ऐकून घ्या आधी. पहिली गोष्ट, तुम्ही पैसे घेतलेत तर संपलं. निवाड्याची गोड बाजू खायची आणि कडू बाजूला हरकत घ्यायची, हे कोर्ट चालवून घेत नाही. म्हणजे शुक्रवारी स्वीकृती द्यायची नाही. दुसरी गोष्ट, क्षेत्र तीनचं बिल त्यानं उताराच्या सुरक्षिततेवरच मंजूर केलंय. दोन्ही एकात एक गुंतलेत. तेवढा एकच परिच्छेद उपटता येणार नाही. गेला तर सगळा निवाडा जाईल, दोन कोटींसकट."

"आणि तिसरी?"

"तिसरी सगळ्यांत वाईट." नसीमबाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "कंपनीनं जादा प्रश्न घातला तेव्हा निवाडकानं दोन्ही पक्षांना विचारलं होतं, की हा प्रश्नही मी घेऊ का? नोंदीत काय आहे बघा. 'नवव्या दिवशी दूरध्वनीवर. अर्जदार सहमत.' दोघांची सहमती असेल तर त्याचा अधिकार वाढतो. सहमत झाला होतात का तुम्ही?"

यमुनाने डोळे मिटले. नववा दिवस. ती कोयनेकडच्या एका साइटवर होती, बाजूला कंप्रेसर धडधडत होता. निवाडकाचा तो गुळगुळीत आवाज फोनवर आला होता.

"मी नाही म्हणाले होते," ती म्हणाली. "शब्द आठवत नाहीत. पण मी नाहीच म्हणाले होते."

"खात्री?"

"खात्री."

"मूळ आवाज नव्वद दिवस जपून ठेवतात. मागवते मी. पण त्यात तुम्ही 'हो' म्हटलेलं निघालं तर आपण तिथेच संपू."

गुरुवारी संध्याकाळी सोपानने जेवणाच्या ताटावरच विषय काढला. "आक्का, पैसे घे. त्यातून आपण गुपचूप जाऊन परत ग्राउट भरू. मी भरतो, माझ्या हातानं."

"साइटवर पाय ठेवू देतील का आपल्याला? निवाड्यानं काम पूर्ण झालंय म्हणून सांगितलंय."

"मग मी तुरुंगात जाऊ का?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "जावं लागलं तर मी डबा घेऊन येईन. पण ती त्रेचाळीस घरं मी खाली ठेवणार नाही."

तो ताटावरून उठला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता स्वीकृतीची मुदत संपली तेव्हा यमुनाचा फोन टेबलावर पालथा पडला होता. सोपान त्या दिवसापासून गोडाउनला आला नाही. आठ माणसं त्याच्याबरोबर गेली.

---

व्यावसायिक न्यायालयात तारीख मिळाली तीस जानेवारीची. न्यायाधीश बाई उंच, पांढऱ्या केसांच्या होत्या आणि मध्ये मध्ये बोलणं त्यांना आवडत नव्हतं.

कंपनीचे वकील आधी उभे राहिले. "एक विचित्र प्रकार आहे, मॅडम. जिंकलेला पक्ष निवाडा रद्द करा म्हणतोय. उतार सुरक्षित नसेल तर तो यांच्याच कामामुळे, असंही त्या स्वतः प्रतिज्ञापत्रावर सांगतात. मुद्दा साधा आहे. जादा प्रश्नाला त्यांनी नवव्या दिवशी संमती दिली. त्यानंतर बारा दिवस त्या कामकाजात भाग घेत राहिल्या. हरकत असती तर तेव्हाच घ्यायची होती."

नसीमबाई उठल्या. "हरकत तेव्हाच घेतली होती. मूळ आवाज ऐकावा, एवढीच विनंती आहे."

"नोंद पुरेशी आहे," कंपनीचे वकील म्हणाले. "निवाडकाची नोंद हाच पुरावा मानायचा, असा नियम आहे."

"नोंदीवरच वाद असेल तर मूळ ऐकायचं, असाही नियम आहे," न्यायाधीश म्हणाल्या. "लावा."

कोर्टात आधी नुसता कंप्रेसर ऐकू आला. मग निवाडकाचा आवाज. 'प्रतिवादींनी उताराच्या सुरक्षिततेचा प्रश्न जोडला आहे. तो विचारात घेण्यास आपली संमती आहे का?' आणि मग यमुनाचा, ओरडून बोललेला. 'बिलाचं बघा हो! तुम्हाला बिलासाठी बोलावलंय. डोंगर चांगला का वाईट ते तुम्हाला कोणी विचारलंय? ते आमच्या अंगावर आहे. हां, बिल लवकर करा. हां.' पुन्हा कंप्रेसर. 'धन्यवाद. आपली संमती नोंदवली आहे.'

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"शेवटी दोनदा 'हां' आहे," कंपनीचे वकील म्हणाले.

"ते बिलाला आहे," नसीमबाई म्हणाल्या. "मराठी बोलणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा."

न्यायाधीशांनी तो तुकडा पुन्हा एकदा ऐकला. मग त्यांनी यमुनाकडे पाहिलं. "यमुनाताई, उभ्या राहा. मी हा निवाडा रद्द केला तर तुमचे पैसेही जातील. नव्यानं अर्ज करावा लागेल, आणि आता तुमचं प्रतिज्ञापत्र समोरच्यांच्या हातात आहे. ते तुमच्याविरुद्ध वापरतील. कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी?"

"तरी."

आदेश तासाभरात आला. निवाडकाला विचारलेल्या प्रश्नापलीकडे जाण्याचा अधिकार नव्हता. संमती मिळालेली नव्हती. निवाडा संपूर्ण रद्द. शेवटी न्यायाधीश म्हणाल्या, "उतार सुरक्षित आहे की नाही, यावर मीही एक शब्द बोलणार नाही. तो प्रश्न माझ्यासमोरही नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांनी ते करावं." त्यांनी आदेशाची प्रत बांधकाम खात्याला त्याच दिवशी पाठवायला सांगितली.

बाहेर जिन्यावर निरगुडकर भेटले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता. "मॅडम, यातून तुम्हाला काय मिळालं? धंदा गेला तुमचा."

"सुरुंग थांबले," यमुना म्हणाली आणि जिना उतरू लागली.

---

तीन फेब्रुवारीला ओढण्याची चाचणी झाली. खात्याने बाहेरून, पुण्याहून, इंजिनियर आणले होते. उतारावर मचाण बांधलं होतं. अँकरच्या डोक्याला जॅक लावायचा, तो गजाला हळूहळू बाहेर ओढतो आणि किती जोराला गज हलला ते दाखवतो. खाली रस्त्यावर सडेवाडीची माणसं उभी होती. अनसूयाबाई सगळ्यांत पुढे.

क्षेत्र एकमधले पाच गज ओढले. एकही हलला नाही. दोनमधले पाच, तेही घट्ट. मग माणसं जॅक घेऊन क्षेत्र तीनवर गेली.

पहिल्या गजाला ठरलेल्या जोराच्या दहाव्या हिश्शालाच खळ्ळ आवाज झाला. पट्टी सैल झाली आणि आठ मीटरचा गज चार बोटं बाहेर आला. दुसरा तसाच. तिसरा निघता निघता गोणपाटाचा तुकडा घेऊन आला. वीस गज ओढले. सतरा आले, तीन नुसते खडकात अडकून राहिले.

इंजिनियरने अहवालाचा कागद गुडघ्यावर ठेवला. त्यात एक रकाना होता, 'काम करणाऱ्याचे नाव'. त्याने तो मोकळा सोडून पुढे लिहायला घेतलं. त्याला वाटलं असावं, बाई समोर उभी आहे, नंतर भरू.

"लिहा ना," यमुना म्हणाली. "धोत्रे रॉक वर्क्स, कराड. मालक यमुना धोत्रे."

तिने खाली सही केली. मग कोणीतरी तिच्या शेजारी येऊन उभं राहिलं. सोपान होता. तो कधी आला होता तिला कळलं नव्हतं. त्याने कागद मागून घेतला, 'साइटवरील जबाबदार व्यक्ती' या ओळीवर आपलं नाव लिहिलं आणि साइट इंजिनियरने काय सांगितलं होतं तेही चार ओळींत लिहून दिलं. त्याचं अक्षर वाईट होतं. त्याला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

त्याच दुपारी सडेवाडी हलली. त्रेचाळीस घरं, गुरं, शाळेचे बाक, सगळं पलीकडच्या पठारावर. खर्च कंपनीला करावा लागला. ट्रॅक्टरवर भांडी चढवताना अनसूयाबाईंनी एक पातेलं यमुनाच्या हातात दिलं, धरायला. यमुनाने ते धरलं आणि मग पुढचं घेतलं.

सोपानला दोन वर्षं सरकारी कामावर बंदी आली. साइट इंजिनियरची चौकशी लागली. यमुनाने दोन ड्रिल मशीन विकली आणि माणसांचे पगार दिले. त्या आदेशाचा एक परिणाम राज्यभर झाला. निवाडकात बदल केला गेला. आता तो निकालाआधी त्याला विचारलेला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवतो, आपण काय ठरवणार नाही तेही सांगतो आणि पक्षकारांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत नोंदवतो.

एप्रिलमध्ये यमुनाने नव्याने अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी ती आणि सोपान गोडाउनमध्ये फोन समोर ठेवून बसली. सोपान आता रोज येत होता. साइटवर नाही, हत्यारं दुरुस्त करायला.

"आपण मला एवढेच विचारले आहे," निवाडकाचा आवाज आला, "की केलेल्या कामाचे बिल देय आहे का. उतार सुरक्षित आहे की नाही हे मी ठरवणार नाही. मान्य?"

"मान्य," यमुना म्हणाली.

"क्षेत्र एक आणि दोनचे काम पूर्ण असल्याचे दिसते. क्षेत्र तीनसाठी करारात मोजणी मीटरवर आहे. त्या मोजणीप्रमाणे एकशे छत्तीस भोके पूर्ण खोलीची आहेत. क्षेत्र तीनचे काम पूर्ण झाले, असा आपला दावा आहे का?"

सोपानने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. करार तिच्या बाजूचा होता. भोकं आठ मीटरचीच होती, गजही आठ मीटरचे. नसीमबाईंनीच तिला सांगितलं होतं, हा दावा टिकू शकतो.

"नाही," यमुना म्हणाली. "ते अजून करायचं आहे."

"आपले शब्द नोंदवले आहेत. 'नाही. ते अजून करायचं आहे.' बरोबर?"

"बरोबर."

क्षेत्र तीन वगळून दीड कोटींच्या आसपास मंजूर झाले. कंपनीने ते मुकाट भरले. त्या पैशांतून यमुनाने जाड ग्राउट ढकलणारा नवा पंप घेतला आणि मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, खात्याच्या परवानगीने, सहा माणसं घेऊन सडेवाडीच्या उतारावर चढली. पहिल्या भोकाला सकाळी सातला सुरुवात केली. दगड ग्राउट पीत होता. दुपारपर्यंत अकरा पोती गेली, तरी भोक भरलं नाही. बाराव्या पोत्याला माणूस तिच्याकडे बघू लागला.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "ओत."